एरंडेलाचे रविवार

माझी बायको नर्स आहे. मुंबईतल्या एका रुग्णालयात तिने बरीच वर्षं काम केलं, आणि आमची मुलगी तिसरीत गेली त्या वर्षी तिला इंग्लंडमधून नोकरीचं बोलावणं आलं. करार दोन वर्षांचा होता. आम्ही दोघांनी खूप विचार केला, दोन्हीकडच्या आईवडिलांशी बोललो आणि शेवटी तिने जायचं असं ठरलं. मी एका विमा कंपनीत आहे. आठवड्यातले बरेच दिवस वसईत, माणिकपूरच्या आमच्या फ्लॅटमध्ये बसूनच काम चालतं. त्यामुळे मुलीची काळजी करू नकोस, मी बघतो, असं मी तिला अगदी छातीठोकपणे सांगितलं होतं.

जाण्याआधी तिने मला घरातलं सगळं समजावून दिलं. भाताला पाणी किती, तापाचं औषध कुठल्या खणात, शाळेचा गणवेश कधी धुवायचा. फक्त केसांबद्दल ती काही बोलली नाही, आणि विचारायचं मलाही सुचलं नाही. सकाळी त्या दोघी आरशासमोर बसायच्या तेव्हा मी अंघोळीला गेलेला असायचो. बाहेर यायचो तोवर दोन वेण्या घातलेल्या असायच्या. त्या आपोआप होत असाव्यात, असंच मी धरून चाललो होतो.

मुलीचे केस तिच्या आजोळचे. रत्नागिरीकडच्या त्या घरात सगळ्यांचेच केस कुरळे आणि दाट. तिचे तर कमरेपर्यंत आलेले. पहिल्या सोमवारी मी कंगवा घेऊन बसलो, वरून खाली ओढला, आणि ती अशी ओरडली की समोरच्या फ्लॅटचं दार उघडलं. त्यानंतर रोज सकाळी आमच्याकडे रडारड सुरू झाली. मी वरवर पाणी लावायचो, हाताने केस गोळा करायचो आणि मागे एक रबर अडकवायचो. ते रबर काढताना संध्याकाळी पुन्हा रडू. मग एकेक दिवस मी ते काढायचंच टाळू लागलो. तिचीही काही तक्रार नसायची.

अशात एका शनिवारी मी तिला राजोडीला घेऊन गेलो. आईची आठवण येऊन ती दोन दिवस गप्प गप्प होती, म्हटलं जरा समुद्रावर खेळेल. ती खेळलीही भरपूर. केस मोकळे सोडून वाऱ्यात पळाली, वाळूत लोळली, लाटेत बसली. घरी आल्यावर जेवून तशीच झोपून गेली. रविवारी सकाळी पाहतो तर मानेमागे केसांचा एक घट्ट गोळा झालेला. नारळाचा काथ्या असतो ना, तसा. त्यात वाळू, त्यात ते जुनं रबर. मी बोटं घालून पाहिली. कुठून सुरुवात करावी तेच कळेना. मी तिला सांगितलं की आपण आता हे कापून टाकू, छान मुलांसारखे छोटे केस ठेवू, मग रोज रडायला नको. ती चप्पल घालून माझ्याबरोबर निघाली, पण जिना उतरता उतरता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

आमच्या इमारतीच्या कुंपणाला लागूनच एक जुनी वाडी आहे. केळी, पानवेली, थोडा सोनचाफा, आणि मधे एक बैठं घर. ती वाडी पिढ्यान्‌पिढ्या ज्यांची, त्या घरातल्या काकी फाटकापाशी केळीची पानं बांधत बसलेल्या असायच्या. त्यांची माझी ओळख म्हणजे येता-जाता हसण्यापुरती. त्या दिवशी त्यांनी मुलीला रडताना पाहिलं आणि कुठे निघालात म्हणून विचारलं. मी सांगितलं, केस कापायला. त्यांनी हातातलं पान खाली ठेवलं, मुलीला जवळ बोलावलं आणि तिची मान हलकेच वळवून मागचा गोळा पाहिला. बोटांनी जरा चाचपलाही.

मग मला म्हणाल्या, "भाऊ, तुम्हाला दुपारपर्यंत वेळ आहे का? असेल तर कात्री लागायची नाही."

मला वेळ होता. तसं पाहिलं तर त्या रविवारी आम्हाला दुसरं काहीच काम नव्हतं.

त्यांनी आम्हाला घराच्या ओट्यावर बसवलं आणि आतून एक बाटली आणली. आत एरंडेल. माझ्या माहितीत एरंडेल म्हणजे लहानपणी नाक दाबून प्यायला लावायचं ते भयंकर औषध, बाकी त्याचा काही उपयोग असतो हे मला ठाऊक नव्हतं. काकींनी वाटीत थोडं ओतलं. पाकासारखं जाड, सावकाश उतरणारं. त्यात त्याच्या दुपटी-तिपटीने खोबरेल घातलं आणि वाटी गरम पाण्यात ठेवली. नुसतं एरंडेल लावलं तर केस आणखी चिकटतात, त्याला नेहमी सोबत लागते, असं त्यांनी सांगितलं. तेल कोमट झाल्यावर त्यांनी ते गोळ्यावर थेंबथेंब सोडलं आणि काहीच न करता हात पुसून पुन्हा पानं बांधायला बसल्या.

मी विचारलं, आता काय करायचं? त्या म्हणाल्या, आता मुरू द्यायचं. घाई केली की केस तुटतात.

बऱ्याच वेळाने त्यांनी गोळ्याच्या खालच्या टोकाची एक बारीक बट धरली आणि बोटांनीच सोडवायला घेतली. टोकाकडून सुरुवात, मग थोडं वर, मग आणखी थोडं वर. बट धरताना डाव्या हाताने ती डोक्याजवळ दाबून ठेवायची, म्हणजे ओढ डोक्याला लागत नाही. एवढी एकच गोष्ट मला माहीत असती तर किती सकाळी वाचल्या असत्या. तीन-चार बटा सुटल्यावर त्या उठल्या आणि मला म्हणाल्या, "आता तुम्ही बसा. मी काय रोज येणार आहे का?"

मी बसलो. माझी बोटं जाड, कीबोर्डला सरावलेली. पण तेलामुळे केस आता बोटांशी भांडत नव्हते. मुलगी पहिल्यांदा अंग चोरून बसली होती. मग तिच्या लक्षात आलं की दुखत नाही, आणि तिने हळूहळू आपलं डोकं माझ्या गुडघ्याला टेकवलं. माणिकपूरच्या चर्चमधून माणसं बाहेर पडत होती, रस्त्यावर रिक्षांचा गलका होता, आणि माझी मुलगी त्या ओट्यावर गाढ झोपून गेली. आई गेल्यापासून ती दिवसा अशी झोपलीच नव्हती. मी बटा सोडवत राहिलो. शेवटी ते रबर सापडलं, ते काकींनी आपल्या ओटीतल्या कात्रीने कापून काढलं. कात्रीचं काम तेवढंच.

त्यानंतर आमचे रविवार तेलाचे झाले. पहिल्या काही रविवारी मी उत्साहात फारच तेल घातलं. शाम्पूने कितीदाही धुवा, ते जाईना. उशीचे अभ्रे पिवळट झाले, गणवेशाची कॉलर तेलकट झाली, आणि एक दिवस मुलीने घरी येऊन सांगितलं की वर्गात तिला सगळे बाटली म्हणतात. मी काकींकडे गेलो. त्या हसू आवरत म्हणाल्या, भाजीला फोडणी देता तेवढं पुरे, तळायला घेऊ नका. आणि धुण्याआधी केसांना भिजवलेलं बेसन चोळायचं, ते तेल ओढून घेतं. तसं केलं आणि बाटली हे नाव मागे पडलं.

मला वेण्या घालायलाही त्यांनीच शिकवलं, पण केसांवर नव्हे. केळीच्या सोपटाच्या वाकाचे, म्हणजे सुकलेल्या धाग्यांचे, तीन पदर त्यांनी फाटकाच्या गजाला बांधून दिले आणि म्हणाल्या, यावर हात बसवा, पोरीच्या डोक्यावर नको. मी दुपारच्या ऑफिसच्या मीटिंग आटोपून खाली जायचो आणि फाटकाला वेण्या घालत उभा राहायचो. इमारतीतले लोक बघायचे. सुरुवातीला लाज वाटली, नंतर काही वाटेनासं झालं.

एरंडेलाची बाटली एकदा घरात आल्यावर ती केसांपुरती राहिली नाही. बायको दरवर्षी भरायची तसे मीही उन्हाळ्यात गहू भरून ठेवले होते, आणि त्यात किडे दिसू लागले. काकींनी गहू चाळून उन्हात टाकायला लावले आणि मग हाताला एरंडेल घेऊन चोळायला सांगितलं. गच्चीत जुन्या चादरीवर आम्ही बापलेक बसलो. तेल तळव्यांना लावायचं आणि गहू दोन्ही हातांनी कुरवाळल्यासारखे वरखाली करायचे. दाण्यांवर हलकी चकाकी येते, बोटांना मऊ वाटतं. मुलीला ते काम इतकं आवडलं की तिने तूरडाळही मागितली. नंतर आम्ही विळीचं पातं पुसून त्यावर तेलाचं बोट फिरवलं, बाल्कनीच्या दाराची करकर थांबवली, तिच्या बाहेरच्या चपलांचं कोरडं पडलेलं चामडं मऊ केलं. भांडी घासून माझ्या हातांना चिरा पडल्या होत्या आणि टाचांचं तर काही विचारू नका. झोपताना तेल चोळून जुने मोजे घालायचे, हा उपायही वाडीतूनच आला. मुलगी माझे मोजे पाहून हसत सुटायची.

काकींचं सगळंच मी ऐकत होतो असं नाही. एकदा मुलीचं पोट साफ होत नव्हतं, तेव्हा त्यांनी दुधातून चमचाभर एरंडेल द्यायला सांगितलं. मी आधी मुलांच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी पोटात काही देऊ नका म्हणून निक्षून सांगितलं आणि वेगळं औषध दिलं. हे काकींना कसं सांगावं या विचारात मी दोन दिवस फाटकाकडे फिरकलो नाही. सांगितलं तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "बरं केलंत विचारलंत ते. आमच्या वेळी विचारायला कोणी नव्हतं, म्हणून आम्ही तेच देत होतो." त्या वाक्याने माझ्या मनात त्यांच्याबद्दलचा आदर वाढला.

बायकोशी रोज व्हिडिओवर बोलणं व्हायचं. केसांचा प्रकार मी तिला सांगितला नव्हता, आणि मुलीनेही आपण होऊन काही सांगितलं नाही. तिला दिसायच्या त्या फक्त शाळेतून आल्यानंतरच्या विस्कटलेल्या वेण्या. एका रविवारी तिची ड्यूटी बदलली आणि तिने नेहमीपेक्षा लवकर फोन लावला. मी मुलीच्या मागे बसलो होतो, मांडीवर टॉवेल, बाजूला तेलाची वाटी. फोन मुलीने समोर डब्याला टेकवून ठेवला. ती आईला शाळेतल्या गोष्टी सांगत होती आणि मी भांग पाडून एक बाजू विंचरत होतो. थोड्या वेळाने बायकोच्या बाजूचा कॅमेरा बंद झाला. मला वाटलं नेट गेलं.

संध्याकाळी तिने मला एकट्याला फोन केला. म्हणाली, "निघायच्या आधी मी तिचे केस कापूनच जाणार होते. तुला त्रास नको म्हणून. कात्री हातात घेतली होती, पण हात पुढे झाला नाही. रोज फोन लावताना मनात यायचं, आज तू ते कापले असशील." मग मी तिला राजोडीपासून वाडीपर्यंत सगळं सांगितलं. ती रडली, आणि मग मी फाटकाला वेण्या घालतो हे ऐकून हसली.

त्याच बोलण्यात कळलं की तिकडे तिचे हात फार वाईट झाले आहेत. दिवसभर हात धुणं, हातमोजे, वर थंडी. बोटांची पेरं फुटून रक्त यायचं. मी एरंडेलाचं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, अरे, नर्स मी आहे की तू? तरी पुढच्या महिन्यात ओळखीतलं एक जोडपं तिकडे जाणार होतं, त्यांच्याबरोबर मी एक बाटली घट्ट गुंडाळून पाठवली. तिने झोपताना लावून पाहिलं. हात पूर्ण बरे झाले असं नाही, पण बोटं मिटताना दुखायची थांबली. तिच्याबरोबर राहणाऱ्या केरळच्या मैत्रिणीनेही मग आपल्या घरून बाटली मागवून घेतली.

पावसाळ्यात काकी विहिरीजवळच्या शेवाळावरून घसरल्या आणि त्यांचं उजवं मनगट मोडलं. प्लास्टर घालून त्या ओट्यावर बसलेल्या असायच्या. त्यांची सून शाळेत शिकवते, सकाळी तिची धांदल, त्यामुळे काकींचे केस जेमतेम बांधले जायचे. मुलीने हे पाहिलं आणि कोणी न सांगता एका रविवारी आमची वाटी घेऊन ती खाली गेली. मी मागोमाग गेलो तर काकी खालच्या पायरीवर बसलेल्या आणि ही वरच्या पायरीवर, त्यांच्या मागे. काकींचे केस विरळ आणि पांढरे, त्यात गुंता असा नव्हताच, तरी ही टोकापासून सुरुवात करून एक एक बट सोडवत होती. डावा हात डोक्याजवळ दाबून.

त्या दिवशी काकी आपल्या सासूबाईंबद्दल बोलल्या. लग्न होऊन आल्या तेव्हा कुंपणाला एरंडाची झाडं होती. बिया वाळवायच्या, भाजायच्या, कुटायच्या, मग पाण्यात उकळायच्या, आणि वर आलेलं तेल पळीने काढून घ्यायचं. दिवसभराचं काम, त्या वासाने डोकं उठायचं. त्या बियांना मुलांना हात लावू देत नसत, कारण बी विषारी. तेल निघालं की सासूबाई आधी सुनेला बसवून तिच्या डोक्याला लावायच्या. "मला आई लहानपणापासूनच नव्हती," काकी म्हणाल्या. "माझ्या डोक्याला हात लावला तो पहिला त्यांनी." मग म्हणाल्या की आता ते उकळायला कोण बसतो, दुकानातलं चांगलंच असतं, फक्त वास घेऊन ताजं बघून घ्यायचं. हे ऐकून मुलीने काकींची वेणी सोडून पुन्हा पहिल्यापासून घातली.

सव्वा वर्षाने बायको महिनाभराच्या सुट्टीवर आली. पहिला आठवडा पाहुण्यांत गेला. रविवारी सकाळी तिने आपण होऊन तेल कोमट केलं आणि सोफ्यावर बसून मुलीला हाक मारली. मुलगी आली, टॉवेल घेतला, आणि सवयीने माझ्या खुर्चीपुढे येऊन बसली. बसल्यावर तिला कळलं. ती आईकडे बघायला लागली, आई वाटीकडे. मी म्हटलं, जा, आई बोलावते आहे ना. मुलगी उठू लागली, तशी बायको म्हणाली, "नको, बस तिथेच. त्याच्याकडून घालून घे. मी बघते." आवाज साधाच होता, पण तिला ते किती जड गेलं असेल हे मला समजत होतं. तिने ती वाटी आणून माझ्याजवळ ठेवली आणि शेजारी जमिनीवर बसली.

मी एक वेणी घातली. दुसऱ्या बाजूचे केस मोकळे करून मी तिच्याकडे पाहिलं, आणि ती पुढे सरकली. ती वेणी तिने घातली. मुलीने हात मागे नेऊन दोन्ही वेण्या चाचपल्या आणि सांगितलं की बाबांची जास्त घट्ट आहे. आम्ही तिघेही हसलो, आणि मुलगी खाली वाडीत पळाली.

बायको तिथेच बसून राहिली. तिकडच्या पाण्याने आपले केस किती गळले हे ती मला सांगू लागली. कपाळाच्या वर कसे विरळ झालेत ते तिने बोटांनी दाखवलं. मग तिने पिन काढली, पाठ माझ्याकडे केली आणि विचारलं, "माझ्या डोक्याला लावशील?"

आमच्या लग्नाला तेव्हा बारा वर्षं झाली होती. या सगळ्या काळात मी तिचे केस असे कधी हातात घेतले नव्हते. मी बोटं तेलात बुडवली आणि भांगापासून हळूहळू चोळत गेलो. तिचे खांदे एकदम सैल झाले. तिकडच्या पहिल्या हिवाळ्याबद्दल, एकटीने केलेल्या जेवणांबद्दल, वॉर्डमधल्या एका म्हाताऱ्या बाईबद्दल ती कितीतरी वेळ बोलत राहिली. फोनवर यातलं काहीच तिने सांगितलं नव्हतं. समोरासमोर बसलो असतो तर कदाचित तेव्हाही सांगितलं नसतं. तेल संपलं तरी मी हात फिरवत राहिलो.

दुसऱ्या दिवशी ती काकींना भेटायला गेली. इंग्लंडहून आणलेली एक लोकरीची शाल तिने त्यांच्या अंगावर घातली आणि वाकून नमस्कार केला. आभाराचे शब्द तिने ठरवून नेले होते, ते तिला ऐनवेळी आठवले नाहीत. काकींनी तिचे हात आपल्या हातांत घेतले, पेरं निरखून पाहिली आणि म्हणाल्या, "तुझ्या नवऱ्याचे हात मऊ आहेत गं. मी काही केलं नाही, नुसतं बसवलं त्याला." मला मात्र ठाऊक आहे की त्या रविवारी त्यांनी हातातलं पान खाली ठेवलं नसतं तर काय झालं असतं. केस पुन्हा वाढलेच असते. पण माझ्या गुडघ्याला टेकून मुलगी झोपली नसती, आणि बाकीचंही बरंचसं घडलं नसतं.

करार संपल्यावर बायको परत आली आणि आता वसईतल्याच एका रुग्णालयात काम करते. काकींचं मनगट सांधलं, तरी थंडीत दुखतं. मग सून त्यावर कोमट एरंडेल चोळते. आमची मुलगी सहावीत आहे आणि कोणाला केसांना हात लावू देत नाही. काल सकाळी शाळेची रिक्षा खाली हॉर्न वाजवत असताना तिने घाईघाईने स्वतःच भांग पाडला आणि दोन वेण्या घातल्या. भांग वाकडा होता, एक वेणी वर आणि एक खाली. आम्ही दोघांनीही ते पाहिलं आणि काही न बोलता तिला डबा दिला.